सिग्नल की एलिमेंट?
पुण्यातील एका समुपदेशन संस्थेने कार्यकर्त्यांच्या आपसातील संदेशांसाठी कोणते अ‍ॅप वापरावे, या प्रश्नावर सिग्नल हे संदेश-अ‍ॅप सुचवले गेले आहे; गुप्ततेच्या दृष्टीने ते उत्तमच आहे. परंतु नोंदणीला प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक लागतो आणि कार्यकर्ता संस्था सोडून गेल्यावर त्याच्या फोनमधील जुने संदेश संस्थेला काढून घेता येत नाहीत. (समुपदेशनाच्या नोंदी असतील, तर ही बाब किरकोळ नव्हे.) म्हणून माझा कल मॅट्रिक्स या खुल्या संदेशप्रणालीवर आधारित एलिमेंट या अ‍ॅपकडे आहे: ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते आणि त्यातील खासगी संभाषणे २०२० पासून आपोआप दोन्ही टोकांपर्यंत कूटबद्ध होतात (म्हणजे मजकूर फक्त संभाषणात असलेल्यांनाच वाचता येतो), अर्थात कोण कोणत्या गटात आहे आणि केव्हा बोलले, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसतेच. मात्र सर्व्हर नियमितपणे अद्ययावत ठेवणारा जबाबदार माणूस संस्थेकडे नसेल, तर सिग्नलच बरे.