आपल्याच देशातली न पाहिलेली ठिकाणं: तुमची कोणती राहिली आणि का?

खिडकी_सीट
मंडळी, काल रात्री भारताचा नकाशा उघडून जिथे जिथे जाऊन आलोय तिथे टिक करत बसलो होतो. सिलिगुडीच्या त्या चिंचोळ्या पट्ट्याच्या पलीकडे एकही टिक नाही हो! आसामपासून पुढची सातही राज्यं कोरी, खाली अंदमान कोरं, लक्षद्वीप कोरं, आणि छत्तीसगड रेल्वेने ओलांडलंय पण उतरलो कधीच नाही. सिंगापूर झालंय, दुबई झालंय. म्हणजे पैसे नाहीत किंवा सुट्टी मिळत नाही असं म्हणायला तोंड नाही.

मग हे राहतं कशामुळे? लांब पडतं म्हणून, परमिटची कटकट म्हणून, की ओळखीतलं कोणी गेलेलं नसतं म्हणून आपणही जात नाही? तुमची अशी ठिकाणं कोणती ते लिहा. टॉप टेन याद्या नकोत, त्या यूट्यूबवर ढिगाने पडल्यात. का राहिलं ते सांगा.

पूर्वरंग
नोकरीनिमित्त आसामात काही वर्षं काढली आहेत त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

आधी परमिटचं. लोकांना वाटतं ईशान्य भारत म्हणजे सगळीकडे परमिट. तसं नाहीये. आसाम, मेघालय, त्रिपुरा, सरळ तिकीट काढा आणि जा. इनर लाइन परमिट लागतं ते अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला, त्यातलं मणिपूरचं तर आत्ता २०१९ च्या डिसेंबरपासूनचं. सिक्कीमला राज्यात शिरायला काही लागत नाही, पण नथुला, गुरुडोंगमार असल्या सीमेजवळच्या जागांना लागतं. या परमिटचं मूळ १८७३ च्या इंग्रजांच्या कायद्यात आहे, इंग्रज गेले तरी कायदा राहिला. पण आता त्याचं मुख्य काम म्हणजे तिथल्या लोकांच्या जमिनी आणि त्यांची संख्या यांना संरक्षण, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना ते हवंच आहे, त्यामुळे "आपल्याच देशात परवानगी कशाला" म्हणून चिडण्यात अर्थ नाही. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फार वेळ लागत नाही.

अंतर मात्र खरंच आहे. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस सुमारे ४,२०० किमी जाते, देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी. पण चित्र बदलतंय. आगरतळ्याला ब्रॉडगेज २०१६ मध्ये आली, इटानगरजवळ होलोंगीला २०२२ मध्ये विमानतळ झाला, तवांगच्या रस्त्यावर सेला बोगदा २०२४ मध्ये सुरू झाला (आधी हिवाळ्यात सेला पास बर्फाने अडला की अडकून बसायचं), आणि २०२५ च्या सप्टेंबरात ऐझॉलजवळच्या सायरांगपर्यंत रेल्वे पोचली.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे उजेड. अख्ख्या देशाला एकच घड्याळ, त्यामुळे तिकडे डिसेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो आणि जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आसपास लख्ख असतं. चहाच्या मळ्यांत तर बागान टाइम म्हणून घड्याळ एक तास पुढेच ठेवतात. आपल्याकडचे लोक आरामात नऊ-साडेनऊला हॉटेलातून निघतात आणि मग अर्धा दिवस हातात उरतो. पहाटे निघा, दुपारी तीनपर्यंत फिरणं उरका.

आणि सातही राज्यं एका ट्रिपमध्ये करायला जाऊ नका. नकाशात बोटभर दिसतं ते डोंगरातून गाडीने अख्खा दिवस खातं. एक राज्य, फार तर दोन.

सुमनमावशी
माझं उत्तर सोपं आहे. आम्ही जिथे टूर कंपनीची बस गेली तिथे गेलो. काश्मीर, केरळ, राजस्थान, चारधाम. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, एलटीसीत (सरकारी नोकरांच्या प्रवास सवलतीत) ईशान्य भारताला आणि अंदमानला विमानाने जायची सवलत होती, ऑफिसातले दक्षिणेकडचे लोक जाऊन आले, आम्ही दर वेळी म्हणायचो पुढच्या वेळी बघू. मग ते रिटायर झाले.

मला त्रिपुरातलं उनाकोटी बघायचंय. डोंगराच्या कड्यात कोरलेले शंकराचे प्रचंड चेहरे आहेत, एक तर तीस फूट उंच, आणि वरून ओढे वाहतात. गोष्ट अशी की शंकर काशीला निघाले होते, बरोबर कोटभर देव, रात्री मुक्काम केला, पहाटे एकटे शंकरच उठले, बाकीचे झोपलेले राहिले म्हणून दगड झाले! कोटीला एक कमी, म्हणून उनाकोटी. अशा देवांना भेटायला मला आवडेल, मलाही पहाटे उठवत नाही 😄

पायऱ्या फार आहेत का हो पूर्वरंग? गुडघे फार साथ देत नाहीत.

पूर्वरंग
@सुमनमावशी पायऱ्या आहेत आणि चढउतारही आहे, पण घाई न करता, थांबत थांबत मुख्य मूर्तींपर्यंत जाता यावं. पावसाळ्यात नको, दगड निसरडे होतात. आगरतळ्याहून धर्मनगरच्या गाडीने कुमारघाट किंवा धर्मनगरला उतरायचं आणि पुढे गाडी करायची. काका रिटायर झाले म्हणून काय झालं, आता तर रजेचाही प्रश्न नाही.

रानभूल
सगळे ईशान्येकडे बघताय ते ठीकच, पण मला एक विचारायचंय, इथे किती जणांनी गडचिरोली बघितलंय? महाराष्ट्राचाच जिल्हा आहे. शिमल्याला तीनदा जाणारे लोक भामरागडला एकदाही जात नाहीत. तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या एकत्र येतात. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची कोरीव देवळं आहेत, ज्यांना विदर्भाचं खजुराहो म्हणतात (हे असलं नाव ठेवायची काही गरज नव्हती, मार्कंडा म्हणजे मार्कंडा). सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि त्याच भागात वडधमला डायनासोरच्या काळातली जीवाश्मं सापडली आहेत.

कारण सगळ्यांना माहितीये, नक्षलवाद. अनेक वर्षं ती भीती खरीच होती, उगाच कोणी घाबरत नव्हतं. पण भीती मनात बसली की परिस्थिती बदलली तरी ती तिथेच बसून राहते. आजही जायचं तर स्थानिकांशी बोलून, चौकशी करून, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, एवढं पाळायलाच हवं.

आणि लोणार तरी? बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं जवळपास पावणेदोन किमी व्यासाचं विवर, जगात अशी फार थोडी आहेत. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले. गेले किती जण?

खिडकी_सीट
@रानभूल लोणारला गेलोय! पण गडचिरोली… नाही. टिक नाही. वाचून नकाशा परत उघडला.

ओहोटी७७
बेटांबद्दल मी सांगतो.

लक्षद्वीपला भारतीयांनासुद्धा एंट्री परमिट लागतं. ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती, एकट्या अगत्तीवर विमानतळ. बाकी सगळं कोचीहून जहाजाने, आणि पावसाळ्यात जहाजांचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. तिथे जागाच एवढीशी आहे की रोज हजारो लोक उतरले तर गोडं पाणी कुठून आणायचं? विहिरीत जे असतं ते जमिनीखालच्या पावसाच्या पाण्याच्या पातळ थराचं, जास्त उपसलं की खारं होतं. त्यामुळे जागा मिळत नाही म्हणून राहिलं असेल तर ते कारण मला मान्य आहे.

अंदमानला पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक, नील, एवढ्यावर बहुतेकांचं उरकतं. उत्तरेकडे दिगलीपूरला फार कमी लोक जातात. निकोबारची बहुतेक बेटं पर्यटकांना बंदच आहेत, १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमामुळे. देशाचं सगळ्यात दक्षिणेचं टोक इंदिरा पॉइंट तिथेच, ग्रेट निकोबारवर. २००४ च्या भूकंपात तिथली जमीन चार मीटरहून जास्त खचली, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. आणि नॉर्थ सेंटिनेल, तिथे तर ५ सागरी मैलांच्या आत जायलाही बंदी. तिथल्या लोकांना कोणी आलेलं नकोय हे त्यांनी पुरेसं स्पष्ट केलंय आणि त्यांच्या शरीराला आपल्या साध्या सर्दीतापाचीही सवय नाही. तिथे टिक करायची इच्छासुद्धा नको.

तळटीप_
विरुद्ध बाजू मांडतो, शिव्या घाला. राहिलं तर बिघडलं काय? नकाशात टिक करायची ही जी हौस आहे ना, तिच्यामुळेच हिमाचलमधल्या स्पितीत उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागतात. तिथला ताबोचा बौद्ध मठ ९९६ सालचा आहे, मातीच्या भिंती, आत हजार वर्षांपूर्वीची चित्रं. त्याला एवढ्या लोकांच्या येण्याची सवय नाही. अटल बोगदा २०२० ला झाला तसं मनालीहून लाहौल सोपं झालं आणि शनिवार-रविवारचं पब्लिक थेट तिकडे. मी स्वतः ताबो पाहिलेलं नाही आणि मुद्दाम राहू दिलंय.

रानभूल
@तळटीप_ शिव्या नाही घालत, पण ताबोत राहणाऱ्या माणसालाही विचारा की त्याला पाहुणे हवेत की नकोत. होमस्टेवर वर्षाचं घर चालवणाऱ्याला तुमचं न येणं परवडतं का? गर्दी सीझनमध्ये आणि चार ठरावीक स्पॉटवर होते. तुम्ही सीझन सोडून जा, दोन रात्री जास्त राहा. घरी बसणं हा काही उपाय नाही.

तळटीप_
मुद्दा आहे. पण सीझन सोडून म्हणजे लाहौलमधून स्पितीत उतरायचा कुंझुम पास बंद, मग किन्नौरकडून लांबून यायचं.

रानभूल
हो मग या की किन्नौरकडून, रस्ता त्याच बाजूने जास्त सुंदर आहे, आणि उंची हळूहळू वाढत जाते त्यामुळे डोकंही दुखत नाही.

खिडकी_सीट
सगळ्यांचे आभार. उत्तरं वाचून असं वाटतंय की परमिट, अंतर वगैरे आम्ही पुढे करायची नावं आहेत, मुळात तिकडे जायचं कधी ठरवलंच नव्हतं. तर आता ठरवतो. नोव्हेंबरात आसाम, फक्त आसाम, आणि त्यातही माजुली नक्की. ब्रह्मपुत्रेतलं बेट दर पुरात झिजतंय असं वाचलंय, आणि तिथल्या सत्रांमध्ये (वैष्णव मठांमध्ये) शंकरदेवांच्या परंपरेतले मुखवटे अजून बनवतात ते बघायचेत.

@पूर्वरंग, जोरहाटहून निमाती घाटाची फेरी आधी बुक करावी लागते का? गाडी चढवता येते का बोटीवर?

पूर्वरंग
गाडी चढते, पण जागा मर्यादित असते, म्हणून सकाळी लवकर घाटावर पोचा. माणसांना सहसा तिथेच तिकीट मिळतं. परतीची शेवटची बोट दुपारीच सुटते आणि नदीच्या पाण्याप्रमाणे वेळ बदलते, त्यामुळे आदल्या दिवशी माजुलीतल्या कमलाबारीत विचारून ठेवा. आणि एका दिवसात परत यायचा विचार असेल तर सोडून द्या, सत्रातलं संध्याकाळचं नामकीर्तन चुकेल. मुखवट्यांसाठी सामागुरी सत्र.

सुमनमावशी
नोव्हेंबरात ना? आम्हालाही कळवा हो तारखा.