पुरावर विनोद करून चपला विकाव्यात का?

विश्रामबागकर:
भाच्याचं सांगलीत चप्पल-बुटांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं चाळिशीपुढचं, कॉलेजची पोरं ऑनलाइन मागवतात. त्यांना ओढायला त्यानं पावसाळी सेलची रील केलीय: 'आयर्विनची धोक्याची पातळी ४५ फूट, आमची सूट ५० टक्के. वाहून जायला या!' (आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात.) मी हसलो, त्याचे वडील भडकले. रील अजून टाकलेली नाही. माझ्या मते बिनधास्त टाकावी. जेवण पोचवणारी ॲपं रोज मोबाइलवर टवाळकी करतात आणि पोरं त्याचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवतात. आपली गाडी मात्र 'भव्य सेल, त्वरा करा'च्या पुढं सरकत नाही.

हरभट_रोड:
२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमचा खालचा सगळा माल गेला. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आणि हे म्हणे 'वाहून जायला या'! भाच्याला म्हणावं, ही रील आधी ब्रह्मनाळच्या पारावर लावून दाखव.

कुपवाडचा_भावा:
काका, राग कळतो. पण तेव्हा आम्ही पण इथंच होतो, शाळेत. आता जुलैत पाणी चढाय लागलं की ग्रुपवर पहिलं मीम आमचंच पडतं. भ्या वाटतंय म्हणूनच करतो. पुरावर हसायचं नाही असा नियम मोठ्यांनी केलाय, आम्हाला कुणी विचारलंय?

पलूसची_पोर:
तुझ्या ग्रुपवर कुणी काय विकत नसतं रे. तोच विनोद दुकानदारानं गल्ला भरायला केला की बदलतो. अमूलची मुलगी १९६६ पासून बातम्यांवर कोट्या करतेय, पण दुःखाची बातमी असली की तिचाही सूर बदलतो. आणि फेविकॉलची ती बस आठवा. टपावर, मागं, बाजूला माणसं लटकलेली, रस्ता खड्ड्यांचा, पण एक जण खाली पडत नाही. तिथं गंमत म्हणजेच माल. भाच्याच्या रीलमधून चप्पल काढून कुकर घाला, काय फरक पडतो?

मिरजवाला:
गंमत मालावरच पाहिजे हे मला पटत नाही. पोरं दुकानात का शिरत नाहीत? काउंटरवरचा माणूस आधी 'घ्यायचंय का नुसतं बघायचंय' विचारतो म्हणून. रील बघून एवढं जरी वाटलं की इथं आपल्याला कुणी हिडीसफिडीस करणार नाही, तरी पैसे वसूल. आता आत गेल्यावर तेच वडील तसंच तोंड करून बसले असतील तर रील गेली कृष्णेत. (माफ करा हरभटकाका, तोंडातून गेलं.)

हरभट_रोड:
गेलंच की. पण रील बघणार कोण? लातूरच्या पोरानं लाइक केलं म्हणून तो चप्पल घ्यायला सांगलीला येणाराय? त्यापेक्षा कॉलेजच्या गेटसमोर साधा बोर्ड लावा.

विश्रामबागकर:
आयर्विनची ओळ काढायला भाचा तयार झालाय. मला अजून ती आवडते, ते सोडा. नवीन ओळ: 'प्रेम तुटेल, चपलेचा अंगठा तुटणार नाही.'

पलूसची_पोर:
ही ट्रकच्या मागं लिहायची ओळ झाली. पण निदान चपलेवर तरी आली.

कुपवाडचा_भावा:
मला चालतीय. फक्त अंगठा तुटलाच तर बदलून देणार का ते विचारा. कमेंटमधे पहिलं तेच येणार.

विश्रामबागकर:
विचारलं. भाचा म्हणतो तीन महिने. वडील म्हणतात पंधरा दिवस, ते पण पावती असली तर.