मदत हवी आहे: १९११ ची दोन पदकं, फीत मात्र एकच

कोल्हापूर, शिवाजी पेठ. जुन्या पेटीत तीन पदकं निघालीत.
पहिलं चांदीचं, ३८ मिमीच्या थोडं वर. पुढे राजा-राणी, मागे फारसी मजकूर, कडेवर नाव नाही.
दुसऱ्यावरही तेच राजा-राणी, पण ३२ मिमी. मागे मुकुट आणि २२ जून १९११.
तिसरं ३६ मिमी, काळं पडलेलं. घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. कडेवर बारीक अक्षरं.
पहिल्या दोन्हींची फीत गडद निळी, मधे दोन लाल रेघा. कोणी अदलाबदल केली का? नाव नाही म्हणजे नक्कल? गुजरीत (सराफ बाजारात) उजळून घेऊ का?

जुनीचांदी:
उजळू अजिबात नका. काळा थर हा चांदी आणि गंधकाचा. तो घासताना खालची चांदीही जाते. मुकुटावरचं बारीक काम आणि कडेची अक्षरं सगळ्यात आधी बोथट होतात. पितांबरी, चिंच, राख, काही नको. कसही लावू देऊ नका.

पहिलं दिल्ली दरबाराचं, १२ डिसेंबर १९११. रौप्य २६,८०० आणि सुवर्ण २०० पाडली होती. दुसरं लंडनच्या राज्याभिषेकाचं. दोन्हींची फीत मुळातच एक आणि दोन्ही बिननावीच दिली गेली, त्यामुळे शंका घेण्यासारखं काही नाही. मात्र दोन्हींचा मान एकालाच असेल तर दरबाराचं वेगळं पदक न देता राज्याभिषेकाच्या पदकाच्या फितीवर 'दिल्ली' अशी धातूची पट्टी देत. तुमच्याकडे पट्टी नाही, म्हणजे बहुधा ही दोन माणसांची पदकं.

व्हर्नियर:
खरी माहिती तिसऱ्यात, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकात. टॉर्च आडवा धरून तिरक्या उजेडात कड वाचा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मग उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) व्यास मोजून घ्या. वर कडी असल्याने उभं माप नीट येत नाही. घड्याळाच्या दहा-चार आणि आठ-दोन अशा रेषांवर घ्या. मापांत फरक आला तर जुनं नाव कानशीने काढून दुसरं ठोकलेलं असू शकतं.

धागाकर्ता:
मापं सारखी आली. नंबर पुसट आहे, पण पुढे १०५ आणि मराठा पलटण स्पष्ट दिसतंय.

जुनीचांदी:
१०५ वी मराठा लाइट इन्फंट्री. १९२२ च्या फेररचनेत ती ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली. नंबर पुरता लागला की बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र घाला. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही.

पेटी पुन्हा बघा. तिसऱ्या पदकाच्या जोडीला बहुतेकदा ब्राँझचं विजयपदक असतं: पंखांची देवी, इंद्रधनुषी फीत, कडेवर तोच नंबर. पितळ समजून ते मोडीत जातं.

व्हर्नियर:
फीत धुऊ नका, रंग फुटतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर ब्राँझवर हिरवा चिकट थर धरतो. रबरबँडही नको, त्यात गंधक असतं. आम्लरहित कागदात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. इथल्या पावसाळ्यात ती दर महिन्याला बदलावी लागेल.