उजव्या बाजूचा इंडिकेटर: फ्लॅशर बदलण्यापूर्वी

आपल्या प्रीमियर पद्मिनीचा डावा इंडिकेटर व्यवस्थित लुकलुकतो आणि उजवा मात्र लागून तसाच राहतो, यावर या चर्चेत बहुतेकांनी फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करवणारे छोटे उपकरण) बदलण्याचा सल्ला दिला आहे. परंतु दोन्ही बाजूंना एकच फ्लॅशर असल्यामुळे दोष तेथे असण्याची शक्यता फार कमी वाटते. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमधील धातूची पट्टी दिव्यांच्या प्रवाहाने तापून वाकते व संपर्क तोडते. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. त्यांपैकी एक जळाला, कमी वॅटचा बसवला किंवा त्याची अर्थिंग (बॉडीमार्फत बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी) बिघडली, की पट्टी पुरेशी तापत नाही व दिवा लागून तसाच राहतो.

म्हणून प्रथम उजवीकडचे पुढचे व मागचे बल्ब पाहावेत. ते ठीक असल्यास होल्डरच्या धातूच्या भागापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक तात्पुरती वायर जोडून पाहावी. दिवा लुकलुकू लागला, तर होल्डरचा गंज आणि बॉडीवरील रंग खरवडून अर्थिंग नव्याने करावी. पार्किंग लाइट चालू असताना इंडिकेटरबरोबर मागचा दिवाही मंदपणे उघडझाप करत असेल, तर अर्थिंगच बिघडली आहे यात शंका उरत नाही. (मुंबईच्या दमट हवेत हे अगदी नेहमीचे आहे.) यानंतरच स्टिअरिंगजवळच्या स्विचचे संपर्क तपासावेत.

एलईडी बल्ब बसवण्याची चर्चेतली सूचना मला पटत नाही, कारण त्यांच्या अल्प प्रवाहावर हा फ्लॅशर चालणारच नाही; त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागेल.