‘अनदर’: युक्ती संबोधनात आहे

(रहस्यभेद आहे, कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा.) ‘अनदर’चं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) मूळ कथेशी इमानदार आहे, म्हणून युकितो अयात्सुजींची जपानी कादंबरी वाचली नाही तरी चालेल, हे मत मला अजिबात पटत नाही. कथेत शाळेच्या एका वर्गात एक मृत व्यक्ती मिसळलेली असते आणि ती कोण, हे कुणालाच कळत नाही. २००९ च्या कादंबरीतली खरी युक्ती भाषेत आहे. निवेदक कोइची घरी मावशीला ‘रेइको-सान’ म्हणतो, शाळेत ‘मिकामी-सेन्सेई’ (सेन्सेई म्हणजे शिक्षिका). घर आणि शाळा वेगळी ठेवायची, हा तिनेच घालून दिलेला नियम. त्यामुळे निवेदक एकदाही खोटं न बोलता वाचक त्यांना दोन वेगळ्या बायका समजून फसतो. मराठीत आणायचं तर ‘मावशी’ आणि ‘मिकामी बाई’, युक्ती तशीच टिकेल!

पडद्यावर मात्र चेहरा दाखवावाच लागतो. २०१२ च्या बारा भागांच्या ॲनिमेत चष्मा, केसांची ठेवण बदलली आणि श्रेयनामावलीतही दोन वेगळी नावं दिली. शेवटचा रक्तपात तिथे खूपच वाढवलाय, तो मला खटकतो. पण आजीकडची मैना ऐका: ‘रे-चान, दोश्ते?’ म्हणजे ‘रे-चान (लाडाने रेइको), का गं?’ पक्ष्याचं नावही रे-चानच, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मृत कोण, याचं अख्खं उत्तर त्या पिंजऱ्यात आहे.