पन्नास हजारांत गेमिंग पीसी: निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डालाच द्या

सातपूरकर (धागाकर्ता)

बारावीचे निकाल लागले की नात्यातली, ओळखीतली मुलं कोटेशनचे फोटो पाठवू लागतात. मॉनिटर सोडून बजेट पन्नास हजार आणि कागदावर पहिलीच ओळ ठळक: 'आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स'. आय-७ कितव्या पिढीचा, हे मात्र लिहिलेलं नसतं. चौथ्या पिढीचा आय-७ हा २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१००एफ पुढेसुद्धा टिकत नाही. त्या जुन्या आय-७ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पोरांच्या आईवडिलांना यातलं काही माहीत नसतं, म्हणून हा धागा.

माझं मत असं: या बजेटमध्ये निम्मे पैसे आधी ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला काढायचे आणि उरलेल्या निम्म्यात बाकी सगळं बसवायचं. प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ, दोन्ही ६ कोर आणि १२ थ्रेडचे. डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन काड्या. एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज). कार्ड एएमडीच्या आरएक्स ६६०० च्या खालचं नको. ते ८ जीबीचं आहे, १३२ वॉटमध्ये चालतं आणि १०८०पी (फुल एचडी) वर आजही बहुतेक गेम नीट खेळवतं.

दोन सापळे सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण त्यात ४ जीबी मेमरी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ४ लेन (बोर्डाशी डेटा ने-आण करणाऱ्या वाटा). जुन्या बोर्डावर ते आणखी मंदावतं. दुसरं, कोटेशनवर नुसतं 'आरटीएक्स ३०५०' असेल तर किती जीबीचं ते विचारा. २०२२ चं ३०५० होतं ८ जीबीचं. २०२४ मध्ये त्याच नावानं ६ जीबीचं आलं, त्यात कोर कमी आणि मेमरी बस १२८ बिटवरून ९६ वर. नाव तेच, माल वेगळा.

घाटमाथा

सातपूरकर, सापळ्यांबद्दल तुमचं बरोबर, मूळ सल्ला मला मान्य नाही. एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक, तुमचा ५६०० यातच बसतो) २०१७ च्या रायझनपासूनचा. आज पोरानं त्यात पैसे घातले तर पुढची वाट बंद. दोन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा म्हटलं की बोर्ड आणि रॅमही बदला. त्यापेक्षा नव्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घ्यावा आणि त्यावर रायझन ५ ८६००जी बसवावा. त्याच्यातलं रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स व्हॅलोरंट, सीएस २ असल्या गेमना पुरतं, जड गेम सेटिंग खाली आणून खेळता येतात. पोरगं कमवायला लागलं की स्वतःच्या पैशानं कार्ड घेईल. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीनं जाहीर केलंय.

मध्यमवर्गीय घरात पन्नास हजार एकदाच निघतात. पाया नवा असू दे.

सातपूरकर

घाटमाथा, पाया नवा असावा हे ऐकायला पटतं, पण ८६००जी हा तो पाया नव्हे. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, रायझन ५ ७६०० मध्ये ३२. ग्राफिक्स कार्डासाठी लेन आठच. ८५००जी घेतला तर चारच! म्हणजे 'नंतर कार्ड घालू' म्हणत घेतलेला हा प्रोसेसर नंतर कार्ड घातल्यावर ७६०० च्या मागे राहतो. तेव्हा प्रोसेसरही बदलावा लागला तर बचत कुठे गेली?

दुसरी गोष्ट रॅमची. आतलं ग्राफिक्स सिस्टिमचीच रॅम वापरतं. एकच काडी लावली की त्याचा वेग सपाट पडतो, म्हणून वेगवान डीडीआर५ च्या दोन काड्या हव्यातच. आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर डीडीआर५ चे भाव कुठे गेलेत ते तुम्हीही पाहिलंय. डीडीआर४ ही महागली, कबूल. पण एएम५ ला दुसरा पर्यायच नाही.

आणि पोराला गेम आज खेळायचेत.

रँकवाला

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खेळतो फक्त व्हॅलोरंट. निम्मे पैसे कार्डात हा हिशोब माझ्यासाठी उलटा आहे. तिथं लोअर सेटिंगवर कार्ड निवांत बसलेलं असतं, सगळा भार प्रोसेसरवर. मला १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि बरा प्रोसेसर जास्त उपयोगी पडतो. ६० हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरवर २०० फ्रेम आल्या काय नि ७० आल्या काय, पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणार. मॉनिटर बजेटच्या बाहेर ठेवणं हीच मला धाग्यातली मोठी चूक वाटते.

अजून एक, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप किंवा सोय) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना सॉफ्टवेअर खरं आहे का ते तपासणं) लागतं. जुन्या ऑफिसचे पीसी घेऊन त्यात कार्ड खोचणारे इथंच अडकतात.

वऱ्हाडचं ऊन

मी अकोल्यातून लिहितोय. प्रोसेसरवर दोन्ही बाजूंनी एवढं झालं, पण एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) नाव कोणी घेतलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, वीज दिवसातून कितीदा जाते-येते. कॅबिनेटसोबत येणारा '४५० वॉट' लिहिलेला हलका डबा आणि तुमचं कार्ड एकत्र बसवणं म्हणजे सगळा पीसी पणाला लावणं. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं तर डबा स्वतःला बंद करतो का, हे त्यावरून कळत नाही. वॉटेज किती अंश तापमानाला मोजलंय ते पाहा, ४० की ५०. आमच्यासाठी फरक तिथंच पडतो.

घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ५६०० आणि ६६०० ची जोडी मॉनिटरसकट त्यात कशीबशी बसते, त्याहून मोठं कार्ड घेतलं तर नाही. आणि समोर काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका. दिवे छान दिसतात, हवा आत शिरत नाही. जाळीचं घ्या.

म्हणून माझा विरोध 'निम्मे' या शब्दाला आहे. चाळीस टक्के कार्डाला द्या, दहा टक्के एसएमपीएसला.

जुनाबाजार

सेकंड-हँड कार्ड घेतलं तर हा सगळा वादच मिटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला समोर लावून दाखवतात. नव्या ६६०० च्या पैशांत वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, बसू शकतं. ८ जीबी आता नव्या गेमना अपुरे पडू लागलेत हे इथं कुणी बोलतच नाही. शिवाय २०२५ च्या शरद ऋतूत एएमडीनं आरएक्स ६००० मालिकेसाठी (६६०० त्यातलंच) ड्रायव्हरची वेगळी शाखा काढली. ओरड झाल्यावर नव्या गेमचा सपोर्ट चालू राहील असं स्पष्ट केलं खरं, पण वारा कुठून वाहतोय ते दिसतंच.

सोल्डरताई

जुनाबाजार, मी कार्डं दुरुस्त करते, त्यामुळे या बाबतीत गप्प बसवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून चलन कमावणं) बंद पडलं आणि ढिगानं कार्डं बाजारात आली. माझ्या टेबलावर येणाऱ्या मायनिंगच्या कार्डांत मुख्य चिप बहुतेक वेळा ठीक असते. पंखे, थर्मल पॅड आणि मेमरी चिपा थकलेल्या असतात. दुकानात पाच मिनिटं चालवून ते दिसत नाही. अर्धा तास जड गेम चालवा, तापमान बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललेलं बनावट कार्ड असेल तर बऱ्याचदा ते तिथंच उघड होतं. 'आरएक्स ५८० २०४८एसपी' असं दिसलं तर ते ताकदीनं ५७० आहे हे लक्षात घ्या. आणि ५८० काय किंवा जीटीएक्स १६६० काय, हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची सोय) नसल्यामुळे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' त्यांच्यावर चालत नाही.

काही कंपन्या सीरियल नंबरवर वॉरंटी देतात, काहींना मूळ जीएसटी बिल लागतं. बिल नसेल तर किंमत त्या हिशोबानं पाडा. ज्याला ही तपासणी जमते त्यानं जुनं घ्यावं. ज्या घरात पहिलाच पीसी येतोय आणि तपासणारं कुणी नाही, तिथं नवंच घ्या, एक पायरी खालचं असलं तरी.

घाटमाथा

सातपूरकर, ८६००जीच्या लेनचा मुद्दा मला मान्य. मग एएम५ वरच रायझन ५ ७५००एफ घ्या आणि त्याच्यासोबत कार्ड. इंटेलच्या बी५८० कार्डाचं काय? १२ जीबी आहे.

सातपूरकर

७५००एफ, डीडीआर५ आणि ठीकठाक कार्ड हे पन्नास हजारांत आजच्या मेमरीच्या भावांत बसत नाही, साठ-पासष्ट असतील तर मी स्वतः तेच सुचवेन. बी५८० चांगलं, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो. ५६०० सोबत लावलं तर काही गेममध्ये त्याची ताकद वाया जाते, आणि बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर घेऊच नका.

वऱ्हाडचं ऊन, तुमचा एसएमपीएस माझ्या 'उरलेल्या निम्म्यात' होता, पण मी तो लिहिला नाही. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा धरा. त्यासाठी एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबी करा, बोर्ड साधा घ्या. कार्डाचा वाटा मी सोडत नाही. रँकवाल्यासारखं एकच हलका गेम खेळणारा असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांचे फोटो मला येतात त्यांच्या यादीत मात्र जीटीए आणि सायबरपंक पहिल्या दोन ओळींत असतात.

वऱ्हाडचं ऊन

५५० वॉट चालेल. पण ऑर्डर देताना मॉडेलचं पूर्ण नाव कोटेशनवर लिहून घ्या. 'एसएमपीएस ५५०' एवढ्यावर कोणताही डबा हातात पडतो.