नाशिकला दगडी सम्राट यंत्र हवं का?

गोदाकाठकर: सिंहस्थासाठी रस्ते होतायत, घाट होतायत. त्यातच जयपूरच्या जंतरमंतरसारखं एक सम्राट यंत्र, म्हणजे भलंमोठं सूर्यघड्याळ, बांधावं. तिरप्या भिंतीची सावली शेजारच्या खुणा केलेल्या गोलाकार चापावर पडते, त्यावरून वेळ कळते. तिथली भिंत २७ अंशांनी चढते, कारण तिथला अक्षांश २७. आपल्याकडे २० लागेल, म्हणजे नुसती नक्कल नाही. गुरू सिंह राशीत आला की आपला कुंभमेळा. पण तो गुरू आकाशात बोटाने दाखवणारे नाशिककर किती?

उगाच_शंका: आणखी एक सेल्फी पॉइंट! तारांगण आहे ना शहरात, आधी तिथे जा. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण आकाशाकडे वळवली. जयपूरचा राजा सवाई जयसिंह, त्याने २७ मीटरची भिंत उभारली सव्वाशे वर्षांनी. तेव्हाच शिळं झालेलं तंत्र आता कशाला?

पंचवटीची_मास्तरीण: हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकला. जयसिंहाकडे दुर्बिणी होत्या. गुरूचे चंद्र पाहिल्याचा उल्लेख त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या खगोल-कोष्टकांच्या ग्रंथात आहे. त्याची तक्रार पितळी यंत्रांबद्दल होती: आस झिजतो, केंद्र सरकतं. म्हणून दगड-चुना. युरोपातून मागवलेल्या, ला हीर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या कोष्टकांत चंद्र अर्ध्या अंशाने चुकतो, हेही त्याने नोंदवलंय.

उगाच_शंका: ताई, अर्धा अंश म्हणालात, तर सूर्याची तबकडीही तेवढीच. त्यामुळे सावलीची कड धूसर. सावली सेकंदाला मिलिमीटरभर सरकते, खुणा दोन-दोन सेकंदांच्या, आणि कड कुठे संपते तेच कळेना! भिंत जितकी मोठी, तितकी धूसर पट्टी रुंद.

सातपूरचा_फिटर: त्यावर उपाय आहे. दोरा ताणून त्या धूसर पट्टीत धरायचा आणि हळूहळू सरकवायचा. दोऱ्याची सावली जिथे विरते, तिथे कड. माझी भीती वेगळी आहे. जयपूरच्या मापाचं बांधलं आणि चाप एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर सरकला, तर तीन सेकंद गेले. आणि आमच्याकडे ‘सूतभर चालतंय की’ म्हणत स्लॅब पडतात. काम चांगल्या पाथरवटाकडे द्या, बाकी मी गप्प.

उगाच_शंका: शिवाय नाशिकची सूर्यवेळ घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटं मागे. पहिल्याच दिवशी लोक म्हणणार, बंद पडलंय!

पंचवटीची_मास्तरीण: म्हणू देत की. ती ३५ मिनिटं कुठून आली हे पोरांनी भारताची घड्याळं ज्यावर लावतात त्या ८२.५ रेखांशावरून काढलं, तरी माझा तास वसूल.

गोदाकाठकर: मग छोटंच करू, शाळेच्या मैदानात. चालेल?

उगाच_शंका: मैदानात असेल तर माझा निम्मा विरोध मागे. गोदाकाठी मात्र नको. पुरात चाप गाळाने भरेल आणि तो उपसायला वेगळी निविदा निघेल.